मंगळवारचं दळण

आमच्या बालाघाट गावात सगळ्यात जास्त लोकांनी ज्याला तोंडावर चोर म्हटलं, आणि तरीही ज्याच्या दारात सगळ्यात जास्त लोकांनी आपला माल आणून ठेवला, असा माणूस मी एकटाच. पुढाऱ्यांचंही तसंच असतं म्हणतात, पण ते पाच वर्षांतून एकदा उभे राहतात. मी रोज उभा राहिलो, तोंडाला दुपट्टा बांधून, मसाला चक्कीसमोर.

आमची चक्की बाजारामागच्या गल्लीत. पत्ता विचारायची गरज नाही; शिंक आली की समजायचं, पोचलो. मिरचीच्या हंगामात मी मशीन सुरू केली की गोंदियाहून येणाऱ्या गाडीतले प्रवासी स्टेशनाच्या आधीच खिडक्या लावून घेतात. एकदा गल्लीच्या तोंडाशी वरातीचा घोडा असा शिंकला की नवरदेव थेट मांडवात जाऊन उतरला. ज्याला पटत नसेल त्यानं मार्च महिन्यात माझ्या दारात नुसतं उभं राहून दाखवावं.

आता धंद्याबद्दल, कारण तो न कळता पुढची भानगड कळायची नाही. मसाल्याची चक्की म्हणजे पिठाची गिरणी नव्हे. तिच्यात दगड नसतो. लोखंडी पोटात हातोडे गरगर फिरतात, खाली जाळी असते, आणि जाळीतून पडलेला मसाला कापडी झोळीतून डब्यात उतरतो. एवढंच. पण धने-जिरं कोरडं असतं, ते भुरभुर निघून जातं. खोबरं, तीळ, खसखस तेलकट; ते आतल्या भिंतीला लोण्यासारखं चिकटून बसतं. डबा भरला, गिऱ्हाईक गेलं, तरी त्याचा मूठभर मसाला मशीनच्या पोटात राहतोच. पुढच्या गिऱ्हाइकाचा माल आत पडला की ती मूठ सुटते आणि त्याच्या डब्यात जाऊन बसते.

ह्यावर आमच्या बापानं नेम घालून दिला होता. दोन दळणांच्या मधे मूठभर तांदूळ फिरवायचा. तांदूळ भिंत घासून काढतो. आणि तो तांदूळ पुढच्या गिऱ्हाइकानं आणायचा. आता बालाघाटात तांदळाला काय तोटा? इथला उंदीरसुद्धा कणी सोडून अख्खा दाणा निवडून खातो. पण मूठभर तांदूळ चक्कीवाल्याच्या हातावर ठेवायचा म्हटलं की भल्याभल्यांच्या भुवया टाळूला भिडत.

"म्हनजे आमच्या तांदळाचा मसालेभात तू खाशीन?"

मी माझ्या पदरचा तांदूळ घालू पाहिला, तर म्हणाले, "काहून रे, पीठ मिसळून वजन वाढवतं का?" तेव्हापासून मी फक्त विचारायचो, "तांदूळ फिरवू का?" उत्तर ठरलेलं असे. "राहू दे."

संशय ह्या धंद्याचं मीठ आहे. सोनाराला सोनं देताना माणूस डोळे वटारत नसेल इतके मला मिरची देताना वटारतो. रामपायलीचे एक गुरुजी घरून वजन करून मिरची आणत आणि दळल्यावर माझ्याच काट्यावर तिखट तोलत. थोडं कमी भरणारच, काही धूळ होऊन उडतंच. गुरुजींना ते मान्य नव्हतं.

"उडालं कुठं?"

"हवेत, गुरुजी."

"आन हवा कोनाच्या घरची आहे?"

किरनापूरची एक बाई तर दळण होईस्तोवर झोळीखाली पदर पसरून बसायची आणि जाताना मला दोन्ही पंजे उघडून दाखवायला लावायची. मी दाखवायचो. एवढंच नव्हे, जीभसुद्धा काढून दाखवायचो. मग ती समाधानानं घरी जाई. अशा गिऱ्हाइकांनीच माझं आयुष्य गेलं, आणि खरं सांगायचं तर अशांची मला सवय लागली. एखादा माझ्यावर विश्वास टाकून डबा ठेवून निघून गेला की मला रात्रभर वाटायचं, ह्याच्या मनात काय असेल?

मंगळवार हा हॉटेलवाल्यांचा. त्या दिवशी घरगुती दळण बंद. रांगेत डबे कितीही असोत, पहिल्या तिघांचा क्रम ठरलेला.

पहिले सेठजी. ह्यांचं शुद्ध शाकाहारी भोजनालय आणि चिवडा-नमकीनचं दुकान. शिवाय गावातल्या सगळ्या हॉटेलवाल्यांचे ते मुखिया. मटणवाल्याच्या डब्यानंतर आपला डबा चालणार नाही, म्हणून पहिला मान त्यांचा. ते तांदूळ आणत नसत, उदबत्ती आणत. मशीनला तीनदा ओवाळायचे आणि म्हणायचे, "अब शुद्ध है।" मी एकदा म्हटलं, सेठजी, उदबत्तीनं मशीनचं पोट साफ होत नाही. ते म्हणाले, "मन साफ रखो, सुखदेव।" मी मन साफ ठेवून त्यांचा चिवड्याचा मसाला दळला: हिंग, आमचूर, काळं मीठ आणि आणखी बरंच काही.

दुसरे नत्थूभाऊ. ह्यांची मटणाची खानावळ. गावात जावई आला आणि नत्थूभाऊचा रस्सा पाजला नाही, तर तो पुढच्या सणाला येत नाही, असं म्हणत. त्या रस्स्याची खूण अशी की तिखट उतरल्यावर, घास गिळून झाल्यावर, जिभेच्या मागच्या टोकाला एक आंबूस चटका बसायचा. तो कशाचा, ते कुणालाच सांगता येत नसे. नत्थूभाऊ मिशीवर हात फिरवून सांगायचे, "आमच्या आज्यानं बैहरच्या जंगलातून एक मुळी आनली होती. तिचं नाव घेतलं का तिचा गुण जाते." मी त्यांचा मसाला आयुष्यभर दळला. त्यात मुळी-बिळी मला कधी दिसली नाही. पण मला वाटायचं, घरूनच वाटून घालत असतील. संशयी माणूस दुसऱ्याच्या लपवाछपवीवर फार पटकन विश्वास ठेवतो.

तिसरी वैशाली. ही नवी. वारासिवनीकडची पोरगी, नागपुरात मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात राबून आलेली. शाळेची एक भंगार व्हॅन घेतली, तिची बाजू कापून खिडकी केली, आत दोन शेगड्या बसवल्या, आणि मैदानाच्या कुंपणाला लावून रस्सा-भात विकू लागली. नवी म्हणून नत्थूभाऊंच्या मागे तिचा डबा. डबाही लहान, चिमुकला. पहिल्या दोन-चार खेपांनंतरच ती मला म्हणाली, "काका, घरी खलबत्त्यात कुटलेला मसाला साधाच लागे. तुमच्या चक्कीवर आनला आन चव उघडली. तुमचा हात चांगला आहे."

मी तिच्यावरसुद्धा संशय घेतला, की हिला उधारी पाहिजे असेल. पण तिनं कधी मागितली नाही. मग मात्र मी ते शब्द गावभर सांगत सुटलो.

वर्षभरात मैदानाच्या कुंपणापाशी अशी गर्दी व्हायला लागली की कुंपण वाकलं. चाकावरच्या गाड्या वाढल्या, मोमोची, डोशाची, पण पोरांची रांग वैशालीकडे. हॉटेलवाल्यांची कुजबुज सुरू झाली. नत्थूभाऊ माझ्याकडे बसून हिशेब मांडायचे, "मी छपराचं भाडं भरतो, नळाचं भरतो, वेटर सांभाळतो. तिचं छप्पर चाकावर. आज इथं, उद्या तिथं." ऐकून वाईट वाटायचं. आणि वैशाली म्हणायची, "नत्थूमामाची भट्टी अर्धी फुटपाथवर आहे ते कोनी नाही पाहत." तेही खरं वाटायचं. मी दोघांनाही हौ म्हणायचो. चक्कीवाल्याची मान दोन्हीकडे वळती लागते.

एका मंगळवारी नत्थूभाऊ डबा न आणताच आले. डोक्यापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते.

"सुखदेवा, खरं सांग. कितीले विकली?"

"काय?"

"माह्या आज्याची चव."

गोष्ट अशी झाली होती. नत्थूभाऊ तोंड झाकून वैशालीच्या गाडीवर जेवून आले होते, तपासणीसाठी. तपासणीला एक वाटी पुरली असती. ह्यांनी तीन संपवल्या. आणि तिन्ही वाट्यांच्या शेवटी जिभेच्या मागे तोच आंबूस चटका बसला.

"तो चटका बालाघाटात फक्त माह्या रस्स्याच्या गंजात होता," ते म्हणाले. "तो तिच्या व्हॅनमधी गेला कसा? माह्या घरातून गेला नाही. राह्यलास तू."

मी शपथ घेतली. बायकोची, मशीनची, वैनगंगेची. नत्थूभाऊंना कुठलीच पटली नाही. पुढच्या मंगळवारी त्यांनी मसाल्याच्या डब्याला कुलूप लावून आणलं. मला म्हणाले, "नाक बांध." मी दुपट्टा बांधलेलाच होता. त्यांनी त्यावर दुसरा बांधला, आपल्या हातानं, गाठ मारून. मग म्हणाले, "आता तोंड तिकडं कर." मी भिंतीकडे तोंड करून, श्वास न घेता, आयुष्यातलं पहिलं आंधळं दळण केलं. मशीन बंद केली तेव्हा माझा चेहरा जांभळा पडला होता, आणि रांगेतली वैशाली पाण्याचा तांब्या घेऊन धावली. नत्थूभाऊंनी ते पाहिलं. "एवढी माया?" ते पुटपुटले.

माझ्या मनातही किडा शिरलाच होता. मी वैशालीला एकटी गाठून विचारलं, "पोरी, नत्थूभाऊच्या भटारखान्यात तुहं कोनी आहे का?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "काका, तुमीपन? माह्या आईची भाजनी आहे ती. धने, मिरं, तीळ, खोबरं. लपवाले काही नाहीच त्यात."

"मंग आंबट कशाचं?"

"ते मले वाटे तुमच्या हाताचं आहे."

नत्थूभाऊ मात्र फार पोचलेले. त्यांनी सापळा लावला. एका मंगळवारी कुणाला न सांगता मसाल्यात चक्रफूल मूठमूठ जास्त घातलं. चक्रफूल म्हणजे ते चांदणीसारखं दिसणारं, बडिशेपेच्या वासाचं. रस्स्यात थोडं जास्त झालं की लपत नाही. दोन दिवसांनी पुन्हा तोंड बांधून व्हॅनवर गेले. पहिल्याच घासाला चक्रफूल. तिथंच दुपट्टा फेकून ओरडले, "चोरी!" पोरांच्या हातातल्या वाट्या हिंदकळल्या.

ते ऐकलं आणि मला झोप येईना. पुढच्या मंगळवारी नत्थूभाऊंचा डबा उतरल्यावर जाळी बदलायच्या निमित्तानं मी मशीन उघडली. आतल्या भिंतीवर पेचकस फिरवला तर खपलीसारखा थर निघाला. वरचा तपकिरी, तेलकट, चक्रफुलाच्या वासाचा. त्याच्याखाली फिका, करकरीत. मी बोट लावून चाटलं. जिभेवर आधी नत्थूभाऊ आले. त्यांच्या मागून, काळं मीठ आणि आमचूर घेऊन, सेठजी आले.

मी तिथंच पोत्यावर बसलो.

सेठजींची मूठ नत्थूभाऊंच्या डब्यात जात होती. हिंगाला मूठ लागतच नाही, चिमूट पुरते. बैहरच्या जंगलातली मुळी म्हणजे सेठजींचा चिवडा! आणि नत्थूभाऊंची मूठ, पोटात सेठजींना घेऊन, वैशालीच्या चिमुकल्या डब्यात जात होती. डबा लहान, म्हणून तिथं ती मूठ जास्तच मोठ्यानं बोलत होती. चोर कुणीच नव्हतं. मूठभर तांदळाची कंजुषी होती.

आता हे सांगावं कुणाला? नत्थूभाऊंना सांगितलं तर त्यांच्या आज्याची अब्रू जाते. सेठजींना सांगितलं तर त्यांचा शुद्ध मसाला मटणाच्या गंजात शिजतो हे कळून ते मशीनसकट मला वैनगंगेत घालतात. वैशालीला सांगितलं तर तिच्या आईची भाजणी परकी होते. मी जाळी बसवली, बोट धुतलं आणि तोंड मिटलं. चक्कीवाल्याची जीभ चाखायला असते.

पण प्रकरण आता माझ्या हातात राहिलं नव्हतं. सेठजींनी हॉटेलवाल्यांची बैठक घेतली आणि निकाल सुनावायला स्वतः माझ्या दारात आले. "देखो सुखदेव। दोनों का मसाला सबके सामने पिसेगा, सबके सामने पकेगा। स्वाद एक निकला, तो चोरी साबित। फिर उसकी गाड़ी वहाँ से हटेगी, हम सब दस्तखत करेंगे। और तेरी चक्की पर होटलवाला एक भी नहीं आएगा।"

वैशाली दुसऱ्याच दिवशी आली. नेहमी बडबडणारी पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"काका, गाडी गेली तं मले परत नागपूरले जाऊन दुसऱ्याच्या भटारखान्यात कांदे कापा लागन. आईले कोन पाहीन? एवढंच सांगा, तुमी त्याइच्या बाजूनं तं नाही ना?"

"मी कोनाच्याच बाजूनं नाही."

"म्हनूनच भेव लागून राह्यलं," ती म्हणाली.

ठरलेल्या मंगळवारी सकाळी सेठजींचा डबा नेहमीसारखा उतरला, आणि दुपारी गल्ली भरली. एवढी माणसं की समोरच्या घराच्या पायऱ्या भाड्यानं दिल्या असत्या तर त्या बाईचं वर्षाचं भागलं असतं. मटणाचं काम नव्हतं, सेठजी पंच होते, म्हणून आलूचा रस्सा करायचं ठरलं. आलू एकाच पोत्यातले, तेल एकाच पिंपातलं, शेगड्या दोन. एकीपाशी नत्थूभाऊ, दुसरीपाशी वैशाली.

मी मनात म्हणत होतो, नेहमीसारखं दळलं तर चव एक निघणार आणि पोरगी मरणार. तांदूळ फिरवला तर चव वेगळी निघेल. पण मग नत्थूभाऊंच्या गंजात काय निघेल, ते एकट्या मलाच माहीत होतं. मी काही ठरवायच्या आत नत्थूभाऊंनी पायलीभर तांदूळ माझ्यापुढे ठेवला. साधासुधा नाही, घमघमणारा चिन्नोर!

"आधी हा फिरव. मशीन कोरी करकरीत कर. तुहा भरोसा नाही."

"नत्थूभाऊ, कायले? एवढा चांगला तांदूळ..."

"काहून? भेव लागलं का?" ते गर्दीकडे वळले. "पाहा! हा नाही म्हनते. म्हनजे मशीनमधीच भानगड आहे!"

"तुमच्याच भल्यासाठी सांगून राह्यलो."

"माह्या भल्याचं सांगनारा माणूस मी आजवर पाह्यला नाही. फिरव!"

मी फिरवला. आयुष्यभर मूठभर द्यायला नकार देणाऱ्या माणसानं पायलीभर चिन्नोर मशीनच्या तोंडात ओतला. खाली वर्तमानपत्रावर पीठ पडू लागलं. आधी विटकरी, मग पिवळसर, मग पांढरं शुभ्र. वासानं पहिल्या रांगेतले लोक पुढे सरकले. मशीन आतून इतकी लख्ख झाली की मला तिच्यात माझा चेहरा दिसला, आणि तो काही बरा दिसत नव्हता.

नत्थूभाऊंचा मसाला दळला. पुन्हा तांदूळ. मग वैशालीचा. मग दोन्ही शेगड्या पेटल्या.

सेठजींनी आधी वैशालीची वाटी घेतली. डोळे मिटून चमचा तोंडात घातला. "धनिया है, काली मिर्च है, तिल है। घर जैसा है। पर वो बात नहीं।"

वैशालीनं स्वतःच्या गंजातला रस्सा चाखला. पुन्हा चाखला. चमचा उलटासुलटा करून पाहिला. निकाल तिच्या बाजूनं लागत होता आणि तिचा चेहरा उतरत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी जाळीकडे पाहिलं.

"आता माहा घ्या," नत्थूभाऊ म्हणाले, "आन फरक पाहा." सगळ्यांना दाखवायला त्यांनी आधी स्वतः ओठाला वाटी लावली. घुटका घेतला. थांबले. जिभेनं टाळू चाचपला. दुसरा घुटका घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"हा माहा नाही."

मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यावरून वाकले.

"डबा बदलला ह्यानं! सुखदेवा, माहा मसाला कुठं आहे?"

कुलूप त्यांनीच उघडलं होतं, माल त्यांनीच ओतला होता, झोळीखाली डबा त्यांनीच धरला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मला दुसरं काही सांगताच येत नव्हतं.

"नत्थूभाऊ, तुमचाच आहे. आज पहिल्यांदाच नुसता तुमचा आहे."

त्यांना समजलं नाही. सेठजी पुढे आले. "लाओ, मैं देखता हूँ।" त्यांनी चमचाभर रस्सा घेतला, कपाळाला आठी पडली, आणि मुखियाच्या तोऱ्यात बोलून गेले, "हाँ नत्थू, ये तेरा नहीं। वो पीछे से जो खट्टा आता है, वो कहाँ गया?"

पायऱ्यांवर कुणीतरी खोकलं. शुद्ध शाकाहारी सेठजींना मटणाच्या खानावळीतल्या रस्स्याचा मागून येणारा आंबटपणा माहीत होता!

"सेठजी," नत्थूभाऊ हळूच म्हणाले, "तुमाले कसं माहीत?"

"सुना है।"

"चव ऐकू येते का, सेठजी?" वैशालीनं अगदी भोळेपणानं विचारलं.

सेठजींनी उपरण्यानं कपाळ पुसलं. नत्थूभाऊंच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळत होतं. दर रविवारी कुणीतरी 'पाहुण्यांसाठी' म्हणून त्यांच्याकडून एक पार्सल न्यायचं, नाव न सांगता. पण त्याच वेळी त्यांची नजर वर्तमानपत्रावरच्या पिठाकडे गेली. ते खाली बसले. ढिगाच्या तळातलं, सगळ्यात आधी पडलेलं विटकरी पीठ बोटावर घेतलं आणि जिभेवर ठेवलं.

मी माणसं रडताना पाहिली आहेत, मिरचीनं रोजच. पण असा चेहरा पाहिला नाही. त्यांना त्यांची चव सापडली होती, आपल्याच तांदळाच्या पिठात. त्यांनी आणखी चिमूट घेतली, सावकाश चघळली, आणि मग मान वर करून बराच वेळ सेठजींकडे पाहिलं. हिंग ओळखता येतो. चिवडा ह्या गावात सगळेच खातात.

त्यांनी वर्तमानपत्राच्या चारही कडा उचलल्या, पुडी बांधली, सदऱ्याच्या आत घातली.

"स्वाद अलग। चोरी नहीं। सभा खतम," सेठजी एका दमात म्हणाले आणि उदबत्तीचा पुडा विसरून निघून गेले.

गर्दी पांगली. वैशाली आपली शेगडी विझवत होती. मी म्हटलं, "वाचलीस, पोरी." ती म्हणाली, "हौ. पन काका, चांगला हात तुमचा नव्हता ना?" गावभर सांगत फिरलो होतो, ते एका वाक्यात परत गेलं. हॉटेलवाल्यांच्या भांडणात माझं एवढंच नुकसान झालं, पण ते अजून भरून निघालेलं नाही.

पुढच्या मंगळवारी मला वाटलं, आता कुणी येत नाही. शटर उघडलं तर तिघंही उभे. त्याच क्रमानं. सेठजींनी उदबत्ती ओवाळली, दळलं, कुणाच्या नजरेला नजर न देता गेले. नत्थूभाऊंच्या डब्याला कुलूप नव्हतं. मी रिवाजानं विचारलं, तांदूळ फिरवू का, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी माल थेट मशीनमध्ये ओतला. वैशालीला विचारायची मी हिंमतच केली नाही. तिनं स्वतःच डबा पुढे सरकवला आणि नत्थूभाऊंना म्हणाली, "मामा, चक्रफूल थोडं कमी करा. माह्याकडे जास्त लागते."

नत्थूभाऊ गुरगुरले. पण कमी केलं, मी दळताना पाहिलं.

तेव्हापासून त्या तिघांची एकमेकांबद्दल जी काळजी सुरू झाली आहे तिला माया म्हणावं की पाळत, मला ठरवता येत नाही. सेठजींनी हिंगाचा व्यापारी बदलला अशी आवई उठली, तर नत्थूभाऊ विचारपूस करायला वारासिवनीच्या बाजारापर्यंत जाऊन आले. नत्थूभाऊंच्या पोरानं घरी छोटी मशीन आणली. त्यांनी ती एकदाच वापरली आणि म्हणाले, लई आवाज करते. नत्थूभाऊ तापानं पडले तेव्हा सगळ्यात आधी वैशाली डबा घेऊन गेली आणि खानावळ कधी उघडता म्हणून तीनदा विचारून आली. नत्थूभाऊ मला म्हणाले, "पोरगी चांगली आहे. पन एवढी चांगली काहून आहे, ते पाहा लागन."

ह्या वर्षी बाकीच्या हॉटेलवाल्यांनी पुन्हा अर्ज तयार केला. मैदानाच्या कुंपणापासून सगळ्या गाड्या हटवा. अर्ज फिरत फिरत मंगळवारी माझ्या चक्कीवर आला, कारण सगळे तिथंच सापडतात. नत्थूभाऊंनी पेन हातात घेतला, झाकण लावलं आणि परत दिला.

"काहून जी?" अर्जवाल्यानं विचारलं. "तुमचंच तं सगळ्यात जास्त नुकसान आहे."

"ती माह्या मागं उभी राह्यते," नत्थूभाऊ म्हणाले. अर्जवाल्याला वाटलं, काही नातं असेल.

त्यानं कागद सेठजींपुढे धरला. सेठजींनी चष्मा पुसला, मशीनकडे पाहिलं, नत्थूभाऊंकडे पाहिलं. "नत्थू मेरे पीछे है," म्हणाले, आणि पेन घेतलाच नाही. मुखियाच नाही म्हणाला, तेव्हा अर्जाची घडी झाली आणि ती अर्जवाल्याच्या खिशात गेली. वैशालीची व्हॅन जिथं होती तिथंच आहे. कुंपण अजून वाकतंय.

सेठजींच्या पुढे कोण असतं, हे मात्र अजून कुणीच विचारलेलं नाही. सोमवारी शटर ओढायच्या आधी वैनगंगेच्या काठाकडची, मासे धरणाऱ्यांच्या वस्तीतली एक बाई झाकलेली टोपली घेऊन येते. टोपलीत काय असतं ते मी विचारत नाही, दुपट्टा मात्र दुहेरी बांधतो. तिला मी म्हणतो, बाई, मूठभर तांदूळ आण, नंतर फिरवायला बरा. तर ती टोपली छातीशी धरते आणि म्हणते, "काहून? तुमी शिजवून खासान!"

सेठजींचा चिवडा तुम्हाला आवडत असेल, तर तुम्हीही विचारू नका.